रानांत लपविलेलें राज्य

चंदीगड शहराच्या ईशान्य टोकास, एका अंगास उच्च न्यायालय व दुसऱ्या अंगास सुखना सरोवर, यांच्या मधोमध रानाचा एक पट्टा आहे. न्यायालयाच्या दर्शनीं तीन रंगांत रंगविलेले प्रचंड खांब आहेत. त्यांच्याखालून जाणारा मनुष्य मुंगीएवढा दिसतो. रानांत शिरण्याचें दार मात्र इतकें ठेंगणें आहे, कीं सामान्य उंचीच्या मनुष्यासही मान लववूनच आंत जावें लागतें. पलीकडे अरुंद वाट, तीही सरळ नव्हे. दहा पावलें गेलें कीं वळते, वळली कीं दुसरें ठेंगणें दार, आणि त्या दाराआड एकादें लहानसें अंगण. अंगणांत कोणी मनुष्य नसतो, पण तें रिकामें नसतें. उतारावर पायरीपायरीनें माणसें, माकडें, मोर, घोडे, शिपाई, डोईवर घडे घेतलेल्या बायका अशा शेंकडों मूर्ति उभ्या असतात व त्या सर्वांचें तोंड येणाराकडे असतें. एकाद्या सभेंत उशिरा पोंचलेल्या मनुष्यास जसें अवघडल्यासारखें होतें, तसें पाहणाराला प्रथम होतें.

ही शिल्पांची बाग म्हणजे चंदीगडचें प्रसिद्ध रॉक गार्डन. दगडी मूर्ति पाहण्याच्या अपेक्षेनें जो जाईल तो मात्र फसेल. छिन्नीनें घडविलेली मूर्ति येथें शोधूनही सांपडणें कठीण. आणि ज्या भूमीवर ती उभी आहे तेथें एक वीटही रचण्याची कायद्यानें मनाई होती. रस्तेखात्यांतील एका लहानशा नोकरानें सरकारच्या राखीव रानांत, सरकारच्या नकळत, वर्षानुवर्षें रात्रीं जागून ही सृष्टि उभी केली. नेकचंद सैनी हें त्याचें नांव.

या हकीकतीचें मूळ १९४७ च्या फाळणींत आहे. पंजाब दुभंगला, लाहोर पाकिस्तानांत गेलें, आणि हिंदुस्थानच्या वांट्यास आलेल्या पूर्व पंजाबास राजधानीच उरली नाहीं. कांहीं वर्षें सिमल्याहून कसाबसा कारभार चालला. सीमारेषा आंखली गेली तेव्हां गुरुदासपूर जिल्ह्याच्या चार तालुक्यांपैकीं तीन इकडे राहिले व रावीपलीकडचा शकरगढ तालुका तेवढा पाकिस्तानांत गेला. त्याच तालुक्यांतील बेरियां कलां या गांवीं १५ डिसेंबर १९२४ रोजीं एका शेतकरी कुटुंबांत नेकचंदांचा जन्म झाला होता. लहानपणीं आई राजाराण्यांच्या, देवांच्या, हरवलेल्या राज्यांच्या गोष्टी सांगे, आणि हा मुलगा ओढ्याकांठीं जाऊन वाळूमातींत तीं राज्यें मांडी. अशा गोष्टी कोणती आई सांगत नाहीं, आणि कोणतें मूल वाळूचा किल्ला करीत नाहीं? पण बहुतेकांचा किल्ला संध्याकाळीं मोडतो व दुसऱ्या दिवशीं विसरला जातो. नेकचंद बावीस वर्षांचे असतांना त्यांचें गांव, शेत, ओढा सारेंच एका रेषेपलीकडे गेलें, आणि इतर लाखों निर्वासितांबरोबर तेही अलीकडे आले.

लाहोर गेलें म्हणून चंदीगड वसवावें लागलें. बेरियां कलां गेलें म्हणून नेकचंद चंदीगडास आले. शहर व त्या शहरांतला हा चोरटा शिल्पी, दोघेही एकाच जखमेंतून निपजले, ही गोष्ट ध्यानांत ठेवल्यावांचून पुढील इतिहासाचें मर्म कळावयाचें नाहीं.

नव्या राजधानीसाठीं शिवालिकच्या पायथ्याची सपाटी निवडण्यांत आली. प्रथम आल्बर्ट मेयर व मॅथ्यू नोविकी या दोघांकडे आराखड्याचें काम होतें; परंतु १९५० सालीं नोविकी विमानाच्या अपघातांत मृत्यु पावले, आणि काम फ्रान्समध्यें राहणारे विख्यात वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिये यांच्याकडे आलें. त्यांच्या जोडीला त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे, तसेंच मॅक्सवेल फ्राय व जेन ड्र्यू हें इंग्रज दांपत्य होतें. हें शहर कागदावर पट्टीनें आंखलेलें आहे. चौकोनी विभाग, सरळ रस्ते, रस्त्यांचे प्रकारही ठरलेले, इमारतींना उघड्या सिमेंटचा रंग. या शहरासाठीं ल कॉर्ब्युझिये यांनीं जी सनद सांगितली, तींत एक कलम असें आहे कीं, शहरांत अथवा त्याच्या उद्यानांत कोणाही व्यक्तीचा पुतळा उभारूं नये. स्मरण करावयाचें तर योग्य जागीं कांशाचा फलक लावावा. ज्या शहराच्या सनदेंत पुतळ्यांना बंदी, त्याच शहराच्या पोटांत हजारों मूर्ति चोरपावलांनीं जमाव्या, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. कलमाचा अर्थ काटेकोर लाविला तर नेकचंदांनीं तें मोडलें नाहींच, कारण त्यांच्या मूर्ति कोणा थोर पुरुषाच्या नाहींत. पाणी भरणाऱ्या बाईचा पुतळा उभारील असा विचार तें कलम लिहितांना कोणाच्या मनांत आला नसावा.

शहर मोकळ्या माळावर वसत नसतें. चंदीगडसाठीं तेथलीं जुनीं गांवें उठविण्यांत आलीं, घरें पाडलीं गेलीं, शेतें घेतलीं गेलीं. विस्थापितांसाठीं राजधानी उभारतांना आणखी कित्येक कुटुंबें विस्थापित झालीं, याचा उल्लेख शहराच्या गौरवाच्या पुस्तकांतून जेमतेमच येतो. त्या पडक्या घरांचे कौलारू तुकडे, फुटकीं मडकीं, विटा, मोडकें लोखंड यांचे ढीग ठिकठिकाणीं पडले. नव्या बांधकामांतून निघालेली नासाडी त्यांत पडत होती ती वेगळीच.

१९५१ पासून नेकचंद सार्वजनिक बांधकाम खात्यांत रस्त्यांचे निरीक्षक होते. ते सरळ रस्ते नीट होतात कीं नाहीं हें पाहणें हेंच त्यांचें काम. रस्त्याचें सामान ठेवण्यासाठीं शहराच्या कडेला रानालगत एक आगार होतें. डांबराचीं पिंपें तेथें ठेवीत. १९५८ च्या सुमारास त्यांनीं त्या रानांत एक झोंपडी उभी केली. त्याच वर्षीं शिवालिकहून येणारा सुखना नांवाचा पावसाळी ओहोळ बांध घालून अडविला गेला व सरोवर तयार झालें. भोंवतालचें रान १९०२ पासून राखीव होतें. तेथें झाडांखेरीज कांहीं असूं नये असा नियम असल्यामुळें कोणी फिरकत नसे, आणि कोणी फिरकत नसल्यामुळेंच ती जागा लपण्यास उत्तम होती. कायद्यानें जी मनाई केली तिनेंच आडोसा दिला.

आरंभ मूर्तींपासून झाला नाहीं, दगडांपासून झाला. शिवालिकचे ओढे पावसाळ्यांत दगड लोटीत आणतात व उन्हाळ्यांत कोरड्या पात्रांत टाकून जातात. सुखना व घग्गर यांच्या पात्रांत पाण्यानें झिजून चमत्कारिक आकार आलेले दगड पडलेले असत. कोणांत पक्ष्याचा भास होई, कोणांत वांकलेल्या म्हाताऱ्याचा, तर कोणांत एकाद्या देवतेचा. नेकचंद नोकरीची वेळ संपली कीं सायकल काढीत, दगड वेंचीत, सायकलीवर लादून रानांत आणीत. पाठीवर दगडांचें ओझें घेतलेली सायकल ढकलीत जाणारा मनुष्य पाहून लोक हंसत असतील. पण वेडा समजला जाणें हेंही त्या काळीं त्यांच्या सोयीचेंच होतें. वेड्याच्या मागें जाऊन तो काय करतो हें पाहण्याची तसदी कोण घेतो? अशीं सुमारें सात वर्षें गेलीं. या सात वर्षांत त्यांनीं बहुतेक गोळाच केलें. सर्वसाधारण मनुष्यास हा काळ फुकट गेलासा वाटेल. परंतु बागेच्या पहिल्या अंगणांतून तो दगडांचा सांठा अजून मांडलेला आहे, आणि तो पाहिला म्हणजे पुढच्या मूर्तींचे चेहरे कोठून आले तें उमजतें. दगडांत चेहरा शोधतां शोधतां डोळ्यास जी संवय लागली, तीच पुढें हातास लागली.

दगडांबरोबर शहराचा केरही येऊं लागला होता. फुटक्या बशा व कपबशा, न्हाणीघराच्या टाइलांचे तुकडे, तडकलेलीं हातधुणीचीं भांडीं, विजेचीं चिनीमातीचीं बटणें व सॉकेटें, मोडक्या सायकलींचे सांगाडे, भट्टींतली खरड, अर्धवट जळालेल्या कोळशाचे खडे, पावसांत भिजून पोत्यासकट दगड झालेलें सिमेंट, आणि रिकामीं डांबराचीं पिंपें. या सर्वांत शोभेची वस्तु एकच होती, ती म्हणजे बांगड्या. फुटक्या कांचेच्या बांगड्या लाखोंनीं त्या मूर्तींच्या अंगावर आहेत. आपल्या घरांतून बांगडी फुटली असें कोणी बाई तोंडानें म्हणत नाहीं. बांगडी ‘वाढली’ असें म्हणण्याची रीत आहे. अशुभ शब्द टाळण्यासाठीं पडलेली ती रीत. चंदीगडच्या रानांत मात्र तो शब्द अक्षरशः खरा झालेला दिसतो. नाचणाऱ्या बायकांची एक रांगच्या रांग अशी आहे, कीं त्यांचीं लुगडीं हिरव्या, तांबड्या, निळ्या बांगड्यांच्या तुकड्यांचीं आहेत, आणि उन्हें कललीं म्हणजे तीं लुगडीं आंतून पेटल्यासारखीं दिसतात.

मूर्ति घडविण्याची पद्धत साधी होती. सायकलीचा सांगाडा, नळी किंवा लोखंडी सळई वांकवून आंतलें हाड तयार करावयाचें. त्यावर सिमेंट, वाळू व खडी यांचा गोळा थापावयाचा. तो ओला आहे तोंच वरून बांगड्यांचे वा चिनीमातीचे तुकडे दाबून बसवावयाचे. चेहरा व हात मात्र बहुधा नुसत्या सिमेंटचे ठेवून हातानें घोटून गुळगुळीत करावयाचे. सायकलीच्या चौकटीचा व मडगार्डाचा वांक प्राण्यांच्या पाठीला व मानेला असा बेमालूम लागू पडला आहे, कीं मूळ वस्तु कोणती हें सांगितल्यावांचून कळत नाहीं. एका मूर्तीला हें तंत्र पुरें पडतें. पण नेकचंद एक मूर्ति करून थांबत नसत. ते एकाच जातीच्या पन्नास करीत, शंभर करीत. प्रत्येक चेहरा दुसऱ्यासारखा, पण थेट तसाच नव्हे. शिल्पशास्त्राच्या दृष्टीनें पाहतां त्यांतली एकेक मूर्ति उचलून वेगळी ठेविली तर ओबडधोबड वाटेल. प्रमाणें चुकलेलीं, हात आंखूड, बोटें नाहींतच. समुदायांत उभी राहिली कीं तीच जिवंत होते. गांव सोडून जमावानें चाललेल्या लोकांचे लोंढे ज्यानें तरुणपणीं पाहिले, त्यास माणसें एकेकटीं न दिसतां समूहानेंच दिसावीं यांत नवल तें काय? अर्थात् हा तर्क झाला. नेकचंद स्वतः आपल्या बागेस देवीदेवतांचें राज्य म्हणत. सुक्राणी या कथेंतल्या राज्याचीही कल्पना त्यांच्या मनांत होती.

मूर्ति घडविण्यास त्यांनीं १९६५ च्या सुमारास सुरुवात केली. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत ल कॉर्ब्युझिये भूमध्य समुद्रांत पोहतांना निधन पावले. त्यांच्या राजधानीच्या मुख्य इमारतींपासून हांकेच्या अंतरावर काय चाललें आहे याची त्यांना दादही नव्हती. काम रात्रीं चाले. विजेची सोय नव्हती तेव्हां जुने टायर पेटवून त्या उजेडांत सिमेंट थापलें जाई. पत्नी व मोजके विश्वासू लोक यांवांचून कोणास ही गोष्ट ठाऊक नव्हती. भीति खोटी नव्हती. सरकारी नोकर, त्यानें सरकारी जागा बळकावलेली, तीही राखीव रानाची. उघडकीस आलें तर नोकरी जाणार, आणि केलेलें सारें एका दिवसांत भुईसपाट होणार. दुसरी भीतिच अधिक असावी, कारण नोकरी जाईल या भयानें मनुष्य एकादी रात्र गप्प बसतो, वर्षें काढीत नाहीं.

१९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तो दिवस उजाडला. रान साफ करण्यासाठीं आलेल्या सरकारी माणसांना झुडुपांआड अचानक भिंती दिसल्या व भिंतींआड मूर्तींचें सैन्य दिसलें. तोंपर्यंत सुमारें १२ एकर जागा अंगणांनीं, वाटांनीं व शेंकडों मूर्तींनीं व्यापली होती. आतां सरकारी दफ्तरापुढें मोठा पेंच पडला. नियमाप्रमाणें हें अतिक्रमण. तें पाडलें पाहिजे. पण जो पाहावयास जाई तो पाडण्याची गोष्ट विसरून दुसऱ्यास पाहावयास पाठवी. बातमी फुटली, आणि शहरांतले लोक रानाकडे लोटूं लागले.

या वेळीं ज्यांचा शब्द उपयोगी पडला त्यांत डॉ. महेंद्रसिंग रंधावा हें नांव प्रथम घ्यावें लागेल. ते जुन्या आय. सी. एस. पैकीं अधिकारी, वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक, कांगडा चित्रकलेचे जाणते. निर्वासितांच्या पुनर्वसनाचें मोठें काम त्यांनीं पंजाबांत केलें होतें, व चंदीगडच्या रस्त्यांवर कोणतीं झाडें असावीं इथपर्यंत त्यांनीं लक्ष घातलेलें होतें. शिस्तीचें शहर सजविणाऱ्या या गृहस्थांनीं बेशिस्तीनें उगवलेली बाग पाहिली, आणि ती आहे तशी राखावी, तज्ज्ञांनीं तींत हात घालूं नये, असें मत दिलें. कायद्याचा अर्थ लावणारा मनुष्य कोण आहे यावर किती अवलंबून असतें! दुसरा एकादा अधिकारी असता तर फायलीवर ‘अतिक्रमण दूर केलें’ असा एक शेरा पडला असता, आणि या लेखास विषयच उरला नसता.

सरकारनें अखेर स्वतःचा नियम बाजूस ठेविला. १९७६ सालीं बाग लोकांसाठीं खुली झाली. नेकचंदांना तेथेंच पगारी जागा देण्यांत आली, ‘रॉक गार्डनचे उपविभागीय अभियंता’ असा हुद्दा मिळाला, आणि हाताखालीं पन्नास मजूर आले. ज्या खात्यानें त्यांना काढून टाकावयाचें, त्यानेंच त्यांना बढती दिली. शहरांत केर गोळा करण्याची केंद्रें झालीं, खानावळींतल्या फुटक्या बशा व शिंप्यांकडच्या चिंध्या बागेकडे येऊं लागल्या. चिंध्यांच्या तर पुढें माणसाएवढ्या बाहुल्या झाल्या.

सरकारी आश्रयानें बागेचा रंग बदलला, हेंही सांगितलें पाहिजे. पहिला भाग हा एकट्याच्या हातचा, दबक्या आवाजांतला. तेथील वाटा अरुंद आहेत, कारण त्या लपण्यासाठीं होत्या. दुसऱ्या भागांत धबधबे आले, उंच कडे आले, लहानशा खेड्यासारखी रचना आली. सिमेंटच्या मुळ्या व खोडें भिंतींवरून अशीं उतरलीं आहेत, कीं खऱ्या झाडाचें मूळ कोणतें व घडविलेलें कोणतें हें ओळखण्यासाठीं हात लावून पाहावा लागतो. तिसऱ्या भागांत मोठमोठ्या कमानी आहेत, त्यांना टांगलेले झोंपाळे आहेत, मुलांना व त्यांच्याबरोबर आलेल्या मोठ्या माणसांनाही तेथून हलवणें कठीण जातें. जत्रेची हौस तेथें पुरेपूर भागते. पण रसिकानें रेंगाळावें तें पहिल्या भागांतच. तेथें धबधब्याचा आवाज नाहीं, आणि मूर्तींच्या नजरेखालून जातांना आपणच कोणाच्या तरी हद्दींत विनापरवाना शिरल्यासारखें वाटतें.

सन्मान मागाहून येत गेले. १९८० सालीं पॅरिसमध्यें त्यांच्या कामाचें प्रदर्शन होऊन त्या नगरीनें पदक दिलें. १९८३ सालीं हिंदुस्थानच्या टपालखात्यानें बागेचें तिकीट काढलें, १९८४ सालीं ‘पद्मश्री’ मिळाली. १९८६ मध्यें अमेरिकेंत वॉशिंग्टन येथील मुलांच्या संग्रहालयासाठीं त्यांनीं अशीच एक लहान बाग करून दिली. ती बाग टिकली नाहीं. संग्रहालय हललें तेव्हां, २००४ सालीं, ती मोडण्यांत आली व मूर्ति निरनिराळ्या संग्रहालयांकडे गेल्या. चंदीगडची बाग जर कोणी अशी उचलून कांचेच्या कपाटांत वांटून ठेविली असती, तर तिचें काय झालें असतें याचा तो नमुनाच आहे. एकेक मूर्ति सुरक्षित राहते. राज्य राहत नाहीं.

घरच्या आघाडीवर मात्र स्वस्थता कधींच नव्हती. बागेचा शेजार न्यायालयाचा, आणि न्यायालयाकडे येणाऱ्यांच्या गाड्या वाढत होत्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बागेच्या जमिनीवरून वाद न्यायालयांत गेला. निकाल बागेच्या बाजूनें लागला. तरीही १९९० सालीं रस्त्यासाठीं जागा मोकळी करण्यास बुलडोझर आले. तेव्हां शहरांतले लोक घराबाहेर पडले व हातांत हात गुंफून त्यांनीं यंत्रांपुढें मानवी सांखळी धरली. यंत्रें परत गेलीं. या प्रसंगाचें महत्त्व यांत आहे, कीं ज्या शहरांत बहुतेक कुटुंबें दुसरीकडून उखडून आलेलीं, त्या शहरानें प्रथमच एकादी वस्तु आपली म्हणून राखिली. सरकारी इमारती त्यांच्यासाठीं दुसऱ्यांनीं बांधिल्या होत्या. या मूर्तींच्या अंगावर त्यांच्याच घरांतल्या बशा व बांगड्या होत्या.

पुढें १९९६ सालीं नेकचंद परदेशीं गेले असतां बागेची देखरेख ढिली पडली व कोणी हुल्लडखोरांनीं मूर्तींची मोडतोड केली. बशीचा तुकडा शहराकडून आला तेव्हां तो फुटकाच होता. मूर्तीचा हात मोडतो तेव्हां मात्र तो पुन्हा नुसता केर होतो. त्यानंतर, १९९७ सालीं, नेकचंदांच्या नांवाचें एक प्रतिष्ठान स्थापन झालें आणि देशोदेशींचे स्वयंसेवक येऊन डागडुजीस व भिंतींवर तुकडे बसविण्यास हातभार लावूं लागले. म्हातारपणींही नेकचंद रोज बागेंत येत. ज्या रानांतल्या झोंपडींत ते एके काळीं पावलांच्या चाहुलीनें दचकत, तेथेंच आतां पाहुणे त्यांना शोधीत येत. १२ जून २०१५ रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, त्यांचें निधन झालें. पुढच्याच वर्षीं, २०१६ सालीं, ल कॉर्ब्युझिये यांच्या न्यायालयासह राजधानीच्या मुख्य इमारतींना युनेस्कोच्या जागतिक वारशांत स्थान मिळालें. बागेस तसें स्थान नाहीं. शहराची आंखलेली बाजू जगाच्या संरक्षणाखालीं गेली, न आंखलेली बाजू शहराच्याच भरंवशावर राहिली.

तो भरंवसा किती, याची परीक्षा २०२५ सालीं पुन्हां झाली. न्यायालयालगतचा रस्ता रुंद करण्यासाठीं व गाड्या उभ्या करण्याची जागा वाढविण्यासाठीं, त्या वर्षाच्या मार्च महिन्यांत बागेच्या कडेच्या भिंतीचा एक भाग पाडण्यांत आला. नागरिकांनीं निषेध केला, पण या वेळीं यंत्रें परत गेलीं नाहींत. पाडलेली भिंत बागेच्या मुख्य मूर्तींपैकीं नव्हे, हें खरें; आणि गाडी उभी करण्यास जागा लागते हेंही खोटें नाहीं. परंतु त्या रानांत कोणती वस्तु महत्त्वाची व कोणती किरकोळ, याचा हिशेब आजवर ज्यांनीं ज्यांनीं केला ते बहुधा चुकलेले आहेत. दगड किरकोळ होते, बांगड्या किरकोळ होत्या, रस्ते पाहणारा निरीक्षकही किरकोळच होता.

चंदीगडास जाणारानें बाग सकाळीं लवकर पाहावी. उन्हें चढलीं कीं शाळांच्या सहली येतात, आणि मुलांच्या कल्लोळांत पहिलीं अंगणें झपाट्यानें मागें पडतात. सकाळीं झाडणारे लोक वाटा झाडीत असतात. मूर्तींच्या पायथ्याशीं रात्रींतून गळलेले बांगड्यांचे तुकडे पडलेले असतात. आंतली सळई गंजून फुगली कीं सिमेंट सुटतें व बरोबर कांचही सुटते.